पडद्याआडचे तीन डबे

जोयडा तालुक्यात मास्तरकी करणाऱ्याची निवडणुकीतून सुटका नाही. लोकसभा असो की विधानसभा, मस्टरिंगच्या दिवशी यंत्रे, सीलचे कागद, शाईची बाटली, लाख, टाचण्या मोजून ताब्यात घ्यायच्या, नेमून दिलेल्या बसमध्ये बसायचे, अनोळखी शाळेच्या फरशीवर रात्र काढायची आणि पहाटे उठून अभिरूप मतदान उरकायचे. विधानसभा-लोकसभेला स्वतःच्या मतदारसंघात नेमणूक मिळत नाही. त्यामुळे मी शिरसीकडच्या एखाद्या शाळेत यादीवर खुणा करत असायचो, तेव्हा तिकडचे कोणी मास्तर आमच्या शाळेत बसून आमच्या गावाची मते घेत असायचे. पुढे बीएलओचे, म्हणजे केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे, काम अंगावर आले आणि मतदारयादी काखोटीला मारून मी वाड्या-वाड्या फिरू लागलो. हे सगळे जमेस धरून मुख्याध्यापकांनी एका जूनमध्ये शाळेच्या संसदेची निवडणूक माझ्या गळ्यात घातली.

शाळा सरकारी, मराठी माध्यमाची, पहिली ते सातवी. पट सगळा मिळून तीसच्या आसपास. कर्नाटकात शाळा संसद ही रीतसर गोष्ट आहे: पंतप्रधान, आहारमंत्री, स्वच्छतामंत्री, पाणी आणि बाग, क्रीडा, ग्रंथालय. मोठ्या शाळांत मोबाईलवर मतदानयंत्रासारखे अॅप घेऊन थाटात निवडणूक होते. आमच्याकडे मंत्रिमंडळ भरले की प्रजा कमी पडायची. त्यामुळे तोवरची पद्धत सोपी होती. मास्तरांनी नाव विचारायचे, मुलांनी हात वर करायचे.

हात वर करण्याचा तो प्रकार मी दरवर्षी पाहिला होता. पहिला हात वर जातो तो धीट मुलाचा. मग बाकीची मुले त्याच्याकडे न पाहता ज्याचे नाव घेतले आहे त्याच्याकडे पाहतात. तो आपल्याकडे बघतोय असे दिसले की हात वर. दुसरीतली पोरे तर दोन्ही हात वर करायची. दरवर्षी निवडून यायचा तो गावातल्या दोन-तीन मोठ्या घरांपैकी एखाद्या घरचा मुलगा. ज्याच्या अंगणात क्रिकेट खेळायचे, ज्याच्या विहिरीवर पाणी भरायचे, त्याच्या देखत हात खाली ठेवणार कोण?

या वर्षी गुप्त मतदान घ्यायचे असे मी एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या समितीच्या, बैठकीत सांगितले, तेव्हा अध्यक्ष हसले. जुने जाणते गृहस्थ, मूळचे सुप्याचे. काळी नदीवरच्या धरणात सुपा गाव बुडाले तेव्हा तिथली बरीच कुटुंबे रामनगरला आली, काही आमच्यासारख्या गावांत विखुरली. तालुक्याचे ठाणेही तेव्हाच जोयड्याला हलले. ते म्हणाले, "गुरुजी, एवढ्याशा पोरांत निवडणूक कशाला? बसून ठरवा. निवडणुकीने गावात फूट पडते ती पुरे झाली. आणि आमचे गाव पाण्याखाली घालताना कुणी मतदान घेतले होते का?"

शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पहिल्याला मात्र होते. 'बसून ठरवा' हे ऐकायला गोड लागते, पण बसायला बोलावतात कुणाला? आमच्याकडे कुणबी आहेत, मराठे आहेत, गवळीवाड्यावरचे धनगर गवळी आहेत, तालुक्यात सिद्दी आहेत. पंचायतीच्या वेळी गावकीची बैठक बसते तेव्हा गवळीवाड्यावरचा माणूस दाराशी उकिडवा बसून ऐकतो आणि शेवटी मान हलवतो. त्याला बिनविरोध म्हणतात. महाराष्ट्रात याची पुढची पायरीही दिसली. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत ग्रामपंचायतीच्या जागांचा चक्क लिलाव झाल्याचे उघडकीला आले आणि २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाला तिथली निवडणूक रद्द करावी लागली. बसून ठरवले की बोली लावणाऱ्याचेच ठरते.

आणि लहान असणे ही काही सबब होऊ शकत नाही. औंध संस्थान केवढे? बहात्तर गावांचे, तीही एकसंध नाहीत, सातारा-विजापूरकडे तुकड्यातुकड्यांनी पसरलेली. तरी १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली आणि गावोगावी पंच निवडण्याची घटना लागू केली. देशाला स्वातंत्र्य मिळायला अजून आठ वर्षे होती. हे मी अध्यक्षांना सांगितले. ते म्हणाले, "राजा होता म्हणून जमले. घ्या तुम्ही, पण भांडणे झाली तर निस्तरा."

पहिले काम मतदारयादीचे. हजेरीपटावरून नावे उतरवायला वेळ लागला नाही, पण पहिलीतल्या एका मुलीला तिचे हजेरीतले नाव वाचून दाखवले तर ती मागे वळून कुणाला हाक मारली ते पाहू लागली. घरी तिला सगळे 'बाय' म्हणतात. बीएलओ म्हणून हा प्रसंग मला नवा नव्हता. म्हाताऱ्या बायका अजूनही दारात उभ्या राहून विचारतात, "माझे नाव कशाला? ह्यांचे आहे ना?" १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तरेकडच्या काही राज्यांत कितीतरी बायकांनी 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच सांगितले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्वतःचे नाव हवेच असा आग्रह धरला आणि देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीबाहेर राहिली. आमच्या यादीत त्या मुलीचे नाव तिच्याकडून चार वेळा म्हणवून घेतले, मगच पक्के केले.

मग प्रश्न आला पहिली-दुसरीच्या मुलांचा. त्यांना वाचता येत नाही, त्यांनी मत द्यायचे कसे? याचे उत्तरही त्याच पहिल्या निवडणुकीत सापडले. तेव्हा आमचा तालुका सुपा या नावाने मुंबई राज्याच्या कॅनरा जिल्ह्यात होता, १९५६ मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. इथून पहिल्या लोकसभेवर जोकिम आल्वा निवडून गेले. त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह, आणि सगळ्या पेट्या पडद्याआड. मतदाराने आत जायचे आणि कोरी चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकून यायचे. देशातले बहुसंख्य मतदार तेव्हा निरक्षर होते. आमच्या पहिली-दुसरीची अवस्था तीच होती. तेव्हा १९५२ ची पद्धत घ्यायची ठरले.

पंतप्रधानपदाला उमेदवार तिघे उभे राहिले. एक सातवीतला, मोठ्या घरचा, क्रिकेटचा कप्तान. दुसरी सातवीतली कुणबी मुलगी, हुशार पण तोंडाची तिखट. तिसरी गवळीवाड्यावरची सहावीतली मुलगी, जी रोज रानातून चालत येते आणि पावसाळ्यात वर्गात बसण्याआधी पायांवरच्या जळवा मीठ लावून काढते. तिने अर्ज आणून दिला तेव्हा तिच्याच वर्गातल्या दोघींनी तोंडाला पदर लावावा तसे हात लावले.

चिन्हांवरून बराच वाद झाला. कप्तानाला 'हात' हवा होता, मग 'कमळ' चालेल म्हणाला. इकडच्या पक्षांची चिन्हे बंद, असे सांगितल्यावर त्याने वाघ मागितला. आम्ही काळी व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी राहतो, तेव्हा हे साहजिकच होते. पण निवडणूक आयोगही हल्ली प्राण्यांची नवी चिन्हे देत नाही. शिवाय गवळीवाड्यावरची मुलगी म्हणाली, "गुरुजी, आमची म्हैस वाघानेच नेली." वाघ बाद झाला. शेवटी चेंडू, छत्री आणि कंदील ठरले. तिने कंदील घेतला. त्यांच्या वाड्यावर पावसाळ्यात वीज किती दिवस टिकते हे ठाऊक असलेल्यांना त्यात नवल वाटणार नाही.

प्रचाराला दोन दिवस दिले. बिसिऊटमध्ये, म्हणजे शाळेच्या दुपारच्या जेवणात, रोज अंडे देईन, असे आश्वासन कप्तानाने दिल्यावर स्वयंपाकीण बाई चुलीपुढून ओरडल्या, "आधी तुझ्या सरकाराला तिखटमीठ आणून द्यायला सांग." सत्तेबाहेरचे आश्वासन द्यायचे नाही, असे एक कलम आचारसंहितेत घालावे लागले. कंदीलवालीचे भाषण फार छोटे होते. पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला झाकण नाही, पहिले काम झाकणाचे, एवढेच ती बोलली आणि बसली.

चिठ्ठीऐवजी चिंचोके वापरावेत ही कल्पना माझीच. कागद वाचतो, मुलांच्या हाताला ओळखीचे, मोजायला सोपे. बिस्किटांचे तीन रिकामे पत्र्याचे डबे आणले, झाकणाला भोक पाडले, चिन्हे चिकटवली, व्हरांड्याच्या कोपऱ्यात चादरीचा पडदा लावला आणि रंगीत तालीम घेतली. चौथीतला एक मुलगा रांगेत उभा होता. आतून 'टण्' असा आवाज आला तसे तो म्हणाला, "छत्री." पुढचा मतदार गेला, जरा जड 'टक्' झाले. "चेंडू." बाहेर येणाऱ्याला विचारले तर दोन्ही वेळा बरोबर. डबे लहान-मोठे होते, प्रत्येकाचा आवाज वेगळा. रांगेत उभे राहून सगळ्या शाळेला सगळ्यांची मते ऐकू येत होती.

आफ्रिकेतल्या गांबिया या चिमुकल्या देशात खरोखरच असे गोट्यांनी मतदान चालत आले आहे. उमेदवाराच्या रंगाचे पिंप, वर नळी, नळीत गोटी टाकली की आतली घंटा एकदाच वाजते. घंटा एकदाच वाजली म्हणजे माणसाने एकच मत दिले याची बाहेर बसलेल्यांना खात्री. पण त्यांनी पिंपाच्या तळाशी वाळू किंवा भुसा पसरलेला असतो, म्हणजे दुसरा आवाज होऊ नये. आम्ही चिंचोके रद्द केले, वहीच्या कागदाच्या सारख्या मापाच्या चिठ्ठ्या केल्या आणि डब्यांच्या तळाला जुनी बारदाने घातली. चौथीतल्या त्या मुलाला मतदान अधिकारी क्रमांक एक नेमले. ज्याचे कान एवढे तिखट, त्याला आपल्या बाजूला ठेवलेले बरे.

बोटाला शाई हवीच, असा मुलांचा हट्ट होता. कुणाच्या तरी आजीने बिब्बा सुचवला. महिनाभर जाणार नाही हे खरे, पण कातडीही जाईल. शिक्क्याच्या पॅडवरची निळी शाई लावली. ती दुपारच्या जेवणापर्यंत धुऊन निघाली, पण तोवर मतदान संपले होते.

मतदानाच्या दिवशी पावसाने उघडीप दिली. मुले ओळीने आली, नाव सांगितले, शाई लावून घेतली, चिठ्ठी घेतली, पडद्याआड गेली. पहिलीतली 'बाय' आत गेली ती बाहेरच येईना. डोकावणे नियमात बसत नव्हते. बऱ्याच वेळाने पडद्याखालून आवाज आला, "गुरुजी, कुणालाच नाही दिली तर चालते?" मी म्हटले, चालते, चिठ्ठी परत आण. ती बाहेर आली तेव्हा हात रिकामा होता. कुणाला दिली ते मला आजही माहीत नाही, आणि या सबंध कामात मला सर्वांत समाधान वाटते ते याच गोष्टीचे.

मोजणी सगळ्यांसमोर झाली. चेंडू पहिला, कंदील दुसरा, छत्री तिसरी. कप्तान निवडून आला, पण दोन मतांनी. गवळीवाड्यावरून शाळेत येणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, तरी कंदिलाच्या डब्यात तेवढ्याच्या कितीतरी पट चिठ्ठ्या निघाल्या. म्हणजे मोठ्या घरच्या अंगणात खेळणाऱ्यांनीही त्या टाकल्या होत्या. यातली किती मुले त्याच्या देखत तिच्यासाठी हात वर करणार होती? एकही नाही. एका मताने काय होते, असे विचारणाऱ्यांना मी आपल्याच राज्यातले उदाहरण सांगितले: २००४ च्या विधानसभेला संतेमरहळ्ळी मतदारसंघात ध्रुवनारायण यांना ४०,७५२ मते पडली आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला ४०,७५१.

निकाल लागल्या लागल्या मागणी आली, वर्गवार मते सांगा. कुठल्या वर्गाने कुणाला दिली? मुलांना ती निव्वळ गंमत वाटत होती. मी नाही म्हटले. पहिलीत इनमिन तीन मुले. वर्गवार आकडा सांगितला की तिघांची मते वेशीवर टांगली गेली.

खरी परीक्षा पुढच्या दिवसांत झाली. निवडून आलेल्या पंतप्रधानांना झोप लागेना. आपल्याला कुणी मत दिले नाही, हे शोधत तो मधल्या सुट्टीत फिरू लागला. आधी दरडावून, मग बॅटिंग देण्याचे आमिष दाखवून. मुलांनी यावर मिळून काही ठरवले नव्हते, पण उत्तर सगळ्यांचे एकच, "तुलाच दिले." त्याने वहीत नावे लिहिली. शेवटी आपल्या नावावर डब्यातून निघाल्या त्याच्या दुपटीने मते जमलेली पाहून तो वही घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, हे खोटे बोलतात." मी म्हटले, "बोलू देत. तू कोणाला पकडणार?" त्याने थोडा विचार केला आणि वही मिटली. त्याच आठवड्यात पिंपाला झाकण आले. हरलेल्या मुलीचा मुद्दा त्याने उचलला होता, कारण तिची मते कुठली हे कळायला मार्ग नव्हता, आणि पुढच्या वर्षी त्याच्या धाकट्या भावाला उभे राहायचे होते. अध्यक्षांना ज्या भांडणांची भीती होती ती झाली नाहीत. भांडायला समोर कोण आहे तेच कुणाला ठाऊक नव्हते.

आता मोठ्यांकडे पाहा. आमच्या तालुक्यातली लोकसंख्या विरळ, रान दाट. कुणाला मतदानासाठी दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालावे लागू नये म्हणून थोडक्या मतदारांसाठीही केंद्रे उभी राहतात. गुजरातेत गीरच्या जंगलात बाणेज इथे तर एकाच मतदारासाठी अख्खे पथक जाते. याचे कौतुक वर्तमानपत्रांत येते आणि ते योग्यच आहे. पण त्या एकट्या माणसाचे मत गुप्त कसे राहणार? मोजणीनंतर नमुना २० मध्ये केंद्रवार आकडे जाहीर होतात. त्याचा कागद गावात यायला वेळ लागत नाही. मग चहाच्या टपरीवर घरांची गणिते सुरू होतात. अमुक वाडीतून आपल्याला एवढीच, म्हणजे त्या चार घरांनी दगा दिला. पुढे त्या वाडीच्या नळाचे, रस्त्याचे, दिव्याचे बोलणे निघाले की कोणीतरी म्हणतोच, "तुम्ही आम्हाला कुठे मते दिलीत?" बीएलओ म्हणून यादी घेऊन जातो तेव्हा हे मला त्याच दारांत ऐकावे लागते. तिथे 'तुलाच दिले' म्हणून सुटता येत नाही, कारण आकडा समोर असतो.

मतपत्रिकांच्या काळात, जिथे दहशतीची शक्यता असे तिथे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. यंत्रे आली आणि ती सोय मागे पडली. त्यावर उपाय म्हणून निवडणूक आयोगाने २००८ साली 'टोटलायझर' सुचवला: चौदा यंत्रे एकत्र जोडून त्यांची बेरीजच तेवढी दाखवणारे साधन. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. ते अजून मोजणीत वापरले जात नाही. केंद्रवार आकडे पक्षांना बांधणीसाठी लागतात, हे मला कळते. पण शंभर-दीडशे मतदारांच्या वाडीत त्या आकड्यांचा दुसरा उपयोग काय होतो, हेही मी पाहतो.

लहान शाळांतल्या माझ्या मास्तर मित्रांना एवढेच सांगेन: मुले मोजकी आहेत म्हणून हात वर करायला लावू नका, आणि वर्गवार मते कुणी कितीही मागितली तरी देऊ नका. आणि कायदे करणाऱ्यांकडे मागणे हे, की निदान जंगलातल्या, डोंगरातल्या छोट्या केंद्रांची मते तरी शेजारच्या केंद्रांत मिसळून मोजा. तीस मुलांच्या शाळेला जे तीन डब्यांत जमले, ते देशाला जमायला हवे.